हसणारं मालेगाव

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्यानं निघालं की आर्वी मागे पडतं, झोडगे मागे पडतं आणि पन्नासेक किलोमीटरवर मालेगाव येतं. जिल्हा नाशिक, पण आमच्या देवपूरच्या माणसाला ते परकं गाव वाटत नाही. इथल्या लेकी तिथे नांदतात, तिथल्या इथे नांदतात. लग्न, बारसं, मयत, मुशायरा, काही ना काही निमित्तानं आमचं तिथे जाणं-येणं असतं.

बाकीच्या महाराष्ट्राला मात्र मालेगाव कळतं ते बातम्यांमधून. २००१ ची दंगल. २००६ च्या सप्टेंबरात शब-ए-बरातच्या दिवशी, कब्रस्तानाजवळ झालेले स्फोट. तीसहून अधिक माणसं गेली. २००८ च्या सप्टेंबरात भिक्कू चौकातला स्फोट. सहा माणसं गेली. मालेगाव म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक सावली येते आणि तो आवाज जरा खाली आणतो. आज मी त्याच मालेगावबद्दल बोलणार आहे, पण विषय हसण्याचा आहे. एका विनोदी, आणि शेवटाकडे डोळ्यांत पाणी आणणाऱ्या चित्रपटाचा विषय आहे. त्याचं नाव 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव'.

रीमा कागती यांनी दिग्दर्शित केलेला आणि वरुण ग्रोव्हर यांनी लिहिलेला हा चित्रपट २०२४ च्या सप्टेंबरात टोरांटोच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला आपल्याकडे लागला. पण तो काही आभाळातून पडलेला नाही. त्याच्या आधी एक माहितीपट आहे, आणि माहितीपटाच्या आधी व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढलेला एक गावठी 'शोले' आहे. एकाच गोष्टीची ही तीन रूपं. म्हणून मुळापासून सांगतो.

मालेगाव हे यंत्रमागांचं गाव. लाखाहून अधिक माग. उत्तरेकडून आलेले विणकर १८५७ नंतरच्या धामधुमीत इथे स्थिरावले. त्यांची उर्दू इथल्या मराठीशी, अहिराणीशी शेजारधर्म पाळत पाळत आणखी वेगळीच झाली. 'मेरे कू पानी होना' असं म्हटलं तर लखनौचा माणूस कपाळाला हात लावील. आमच्याकडे पाण्याचा तांब्या पुढे येतो. मागावरचा कामगार दिवसाचे दहा-बारा तास त्या खडखडाटात उभा असतो. आठवड्याची सुट्टी शुक्रवारी. देशभर नवा चित्रपट लागण्याचा वारही शुक्रवारच. तेव्हा मालेगावच्या माणसाचं सिनेमाचं वेड ही काही नवलाची गोष्ट नाही, ते त्याच्या वेळापत्रकातच आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात 'टायगर ३' लागला तेव्हा इथल्या प्रेक्षकांनी थिएटरात फटाके फोडले आणि त्याचीही देशभर बातमी झाली. फटाके फोडणं चुकीचंच. पण त्या वेडाचा अंदाज यावा म्हणून सांगितलं.

या गावात नासिर शेख नावाचा तरुण व्हिडिओ पार्लर चालवायचा. तो पार्लरमध्ये चार्ली चॅप्लिन दाखवी, बस्टर कीटन दाखवी, ब्रूस ली दाखवी. मला ही निवड फार शहाणपणाची वाटते. कीटनला भाषा लागत नाही. दिवसभराच्या खडखडाटानं दडे बसलेल्या कानांनाही तो कळतो. दोन व्हीसीआर जोडून नासिर चित्रपटांची काटछाट करायला शिकला. प्रेक्षक कुठे कंटाळतो, कुठे बिडी ओढायला बाहेर जातो, कुठे शिट्टी मारतो, हे त्यानं पार्लरच्या अंधारात उभं राहून पाहिलं होतं. कंटाळ्याची जागा कापायची, शिट्टीची जागा ठेवायची. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये जे काही वर्षं शिकवतात त्याचा एक धडा त्याला असा घरबसल्या मिळाला.

मग २००० साली त्यानं आणि त्याच्या दोस्तांनी 'मालेगाव के शोले' केला. खर्च पन्नासेक हजार रुपये. मागावर काम करणारे, दुकानात बसणारे लोक त्यात नट झाले. गब्बरचा 'रबर' झाला, बसंतीची 'बासमती' झाली. मूळ चित्रपटात रेल्वेवर दरोडा पडतो. रेल्वे कुठून आणणार? बस आणली. घोडे परवडत नव्हते, म्हणून दरोडेखोर सायकलींवर बसले. पुढेही या मंडळींचं तंत्र हेच राहिलं. क्रेन हवी तर बैलगाडीचं धूड उचला आणि त्यावर कॅमेरावाला बसवा. ट्रॉली हवी तर सायकल ढकला. 'मालेगाव के शोले' बघायला पार्लरमध्ये झुंबड उडाली. मग 'मालेगाव के करण अर्जुन', 'मालेगाव की लगान' अशी रांगच लागली. नासिरनं पुढे सब टीव्हीसाठी 'मालेगाव का चिंटू' ही मालिकाही केली.

आता इथे थोडं थांबू. हे सगळं ऐकताना आपल्याला हसू येतं. यायलाच हवं, ते लोकही हसवायलाच बसले होते. पण हसून झाल्यावर आपण काय म्हणतो? 'बघा, पैसे नसूनही केलं. शिक्षण नसूनही केलं. बॉम्ब फुटत असूनही केलं.' देशी-परदेशी लिखाणात या लोकांचं कौतुक झालं ते बहुतेक याच सुरात. या 'असूनही' शब्दाशी माझी जुनी ओळख आहे. तीसेक वर्षं मी मराठीत कविता लिहितो. कविसंमेलनात सूत्रसंचालक माझी ओळख करून देताना प्रेमानं सांगतात, 'मुस्लिम असूनही ते मराठीत उत्तम लिहितात.' टाळ्या पडतात. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, हे मला ठाऊक आहे. पण त्या एका शब्दानं कविता बाजूला पडते आणि नवलाई पुढे येते. बोलणारा पोपट दिसला की तो काय बोलतो याकडे कुणी लक्ष देत नाही, बोलतो याचंच अप्रूप. वास्तविक पांझरेच्या काठावर वाढलेला मुलगा मराठीत लिहील, नाही तर कशात लिहील?

मालेगावच्या चित्रपटांचंही तसंच आहे. त्यांना 'असूनही' लावू नका, 'म्हणूनच' लावून पाहा. घोडे नव्हते म्हणूनच सायकलीवरचा दरोडेखोर जन्माला आला, आणि तो घोड्यावरच्या दरोडेखोरापेक्षा जास्त हसवतो. कारण सायकलवरचा माणूस मालेगावच्या प्रेक्षकानं रोज पाहिलेला असतो. पाळी संपवून तो स्वतःच तशा सायकलवरून घरी जातो. विनोद तिथे आहे. पडद्यावरच्या मोठ्या माणसाच्या जागी आपल्या गल्लीतला माणूस बसला की पडदा एकदम जवळ येतो.

याला लोक नक्कल म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. आपल्याकडे त्याहून चांगला शब्द आहे: सोंग. लहानपणी आपल्यातल्या अनेकांनी दारात आलेला बहुरूपी पाहिला असेल. खाकी घालून, दंडुका घेऊन तो जमादार बनून यायचा, घरातल्या म्हाताऱ्याला दरडावायचा आणि सगळं घर हसायचं. तो खरा जमादार नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण खऱ्या जमादारासमोर जे हसणं शक्य नाही, ते याच्यासमोर शक्य होतं. याच नाशिक जिल्ह्याच्या डोंगराळ भागात बोहाडा होतो. देवांचे, दैत्यांचे मुखवटे चढवून गावातलीच माणसं नाचतात. मुखवट्याखाली कोण आहे ते गावाला ठाऊक असतं, आणि म्हणून तर गंमत असते. 'मालेगाव के शोले' मला त्या घराण्यातला वाटतो. मुंबईच्या मोठ्या पडद्याचं सोंग मालेगावच्या माणसानं अंगावर घेतलं आणि आपल्याच माणसांना हसवलं.

आणखी एक गोष्ट याच जिल्ह्यातली. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, म्हणजे मालेगावच्याच जिल्ह्यातले. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीचं काम करायला बाई मिळेना. शेवटी खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवून तारामती केलं. पैशासाठी विमा पॉलिसी गहाण पडली. सरस्वतीबाईंनी सगळ्यांचा स्वयंपाकही केला आणि चित्रपटाचं कामही शिकून घेतलं. परेश मोकाशी यांनी २००९ साली 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'मध्ये हे सगळं किती हसतखेळत दाखवलं आहे, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. आता मालेगावकडे या. जवळजवळ नव्वद वर्षांनी, त्याच जिल्ह्यात, तीच अडचण. गावातली बाई कॅमेऱ्यासमोर यायला तयार नाही, तिच्या घरचे तयार नाहीत. नटी बाहेरगावाहून आणावी लागते. फाळक्यांना आपण चित्रमहर्षी म्हणतो आणि मालेगावकरांना हौशी म्हणतो. त्यांची बरोबरी करावी असं मी म्हणत नाही. पण धडपडीची जात एक आहे, एवढं खरं.

मालेगावची ही गोष्ट जगापुढे नेली ती फैझा अहमद खान यांनी. त्यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या २००८ च्या माहितीपटात नासिर आणि त्याचे मित्र 'मालेगाव का सुपरमॅन' कसा करतात ते दिसतं. सुपरमॅन झाला होता शफीक, मागावर काम करणारा किडकिडीत पोरगा. हिरव्या कापडापुढे त्याला आडवा धरून उडवायचं. खलनायकाला घाण आवडते, अंधार आवडतो, लोकांनी जिथे तिथे थुंकावं असं त्याला वाटतं. ज्यानं मालेगावच्या किंवा आमच्या धुळ्याच्या भिंती पाहिल्या आहेत त्याला हा खलनायक अमेरिकेतून आला नाही हे लगेच कळतं. शूटिंगच्या मध्येच शफीकचं लग्न निघालं. एकदा कॅमेरा पाण्यात पडला. तरीही काम पुढे गेलं. माहितीपट महोत्सवांमधून फिरला आणि २०१२ च्या जूनमध्ये आपल्याकडे चित्रपटगृहांत लागला. तेव्हा शफीक नव्हता. कर्करोगानं तो आधीच गेला होता.

'सुपरबॉईज'मध्ये रीमा कागतींनी नेमकी हीच जागा कथेचा आस केली आहे. पहिला अर्धा भाग हसण्याचा. पार्लर, पोलिसांची धाड, मग आपलाच चित्रपट काढायची खटपट, 'शोले'चं यश. मग यशाबरोबर येतात ती भांडणं: पैसा कुणाचा, नाव कुणाचं, दुसऱ्याच्या चित्रपटांचीच सोंगं किती दिवस काढायची. मित्र पांगतात. आणि मग शफीकच्या आजाराच्या निमित्तानं पुन्हा एकत्र येतात, त्याला सुपरमॅन करून उडवण्यासाठी. नासिरचं काम आदर्श गौरवनं केलं आहे, शफीकचं शशांक अरोरानं. बाहेरून आलेल्या नटीची भूमिका आपल्या मंजिरी पुपालानं केली आहे, आणि फार समजून केली आहे.

मला स्वतःला जवळचा वाटला तो फरोग. गटातला लेखक. विनीत कुमार सिंह यांनी तो उभा केला आहे. त्याला स्वतःची गोष्ट लिहायची आहे, दुसऱ्याची फिरवून सांगायची नाही. तो मुंबईला जातो, दारं ठोठावतो, हात हलवत परत येतो. छोट्या गावातून लिहिणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वही काखेत घेऊन ताटकळलेला माणूस कसा उभा राहतो, हे त्या नटानं बरोबर टिपलं आहे. गंमतीचा योगायोग असा की त्याच महिन्यात, १४ फेब्रुवारीला, 'छावा' लागला होता आणि त्यात कवी कलश झालेले नटही हेच विनीत कुमार सिंह. एकाच वेळी दोन पडद्यांवर हा माणूस कवी-लेखक होता. एकीकडे छत्रपतींच्या सोबतीला राहून जीव देणारा कवी, दुसरीकडे मालेगावच्या गल्लीतला, कुणी न छापलेला लेखक. 'छावा'चे खेळ भरभरून चालले होते. 'सुपरबॉईज'ला खेळही थोडे मिळाले आणि प्रेक्षकही थोडे. समीक्षकांनी वाखाणणी केली, गल्ला मात्र जमला नाही. एप्रिल अखेरीस तो प्राइम व्हिडिओवर आला आणि बऱ्याच लोकांनी तो तिथे, घरी बसून पाहिला.

मला यात एक चुटपुट वाटते. ज्या चित्रपटाचा सगळा जीव माणसांनी खचाखच भरलेल्या पार्लरमध्ये आहे, शेजारच्याच्या खांद्याला खांदा लावून हसण्यात आहे, तो आपण एकेकट्यानं, कानात इअरफोन घालून पाहिला. विनोद एकट्यानं पाहिला की हसू ओठांपर्यंत येतं आणि तिथेच राहतं. चारजण असले की ते पोटातून येतं. नासिरच्या पार्लरचा धंदाही केबलनं, सीडीनं आणि पुढे मोबाइलनंच खाल्ला. आज खान्देशी बोलीतल्या विनोदी चित्रफिती यूट्यूबवर लाखो लोक पाहतात. मालेगाव-जळगावकडच्या 'छोटू'ची सोंगं माहीत नसलेलं पोर आमच्याकडे शोधावं लागेल. म्हणजे परंपरा मेलेली नाही, पडदा तेवढा तळहाताएवढा झाला.

चित्रपटात मला काही खटकलं का? खटकलं. मालेगावच्या बोलीचा खरा खरखरीतपणा त्यात थोडा घासून गुळगुळीत केला आहे, देशभरच्या प्रेक्षकाला कळावं म्हणून. शेवटाकडे डोळ्यांत पाणी आणण्याची घाई आहे. माहितीपटातल्या शफीककडे पाहताना कुणी आपल्याला 'आता रडा' असं सांगत नव्हतं. पण एका गोष्टीसाठी मी या चित्रपटाला मानतो. तो मालेगावच्या माणसाला हसत नाही, मालेगावच्या माणसाबरोबर हसतो. आणि तो स्फोटांभोवती फिरत नाही. मोहल्ल्यातली गोष्ट म्हटली की दंगल आणि पोलिसांची गाडी हवीच, अशी जी एक सवय आपल्या पडद्याला लागली आहे, ती इथे नाही. इथली माणसं मैत्रीवरून भांडतात, पैशावरून भांडतात, श्रेयावरून भांडतात. आपल्या-तुमच्यासारखी.

यावर कुणी म्हणेल, मग दुःख लपवलं का? २००६ च्या स्फोटांनंतर पकडलेल्या मुसलमान तरुणांना आरोपांतून मोकळं व्हायला २०१६ साल उजाडलं. २००८ च्या ऑक्टोबरात आमच्या धुळ्यातही दंगल पेटली, २०१३ च्या जानेवारीत पुन्हा पेटली आणि गोळीबारात माणसं गेली. या गोष्टी लपवू नयेत, लपणारही नाहीत. त्या सांगणारे चित्रपट व्हायला हवेत. पण ज्या घरात मयत झाली त्या घरातही चाळीस दिवसांत कुणीतरी एखाद्या पोराच्या बोलण्याला हसतंच. ते हसणं म्हणजे मेलेल्याचा विसर नसतो. घर अजून नांदतं आहे, याची ती खूण असते. माणसाला नुसत्या त्याच्या जखमेवरून ओळखणं हासुद्धा त्याच्यावर एक प्रकारचा अन्यायच. आणि एखाद्या गावाकडून आपण फक्त रडण्याची अपेक्षा ठेवली, तर त्या गावाची विनोदबुद्धी आपल्याला कधीच दिसणार नाही.

म्हणून माझी एक साधी विनंती आहे. हा चित्रपट मिळाला तर पाहा, आणि जमलं तर घरच्या चार माणसांबरोबर पाहा. जुना 'सुपरमेन ऑफ मालेगाव' मिळाला तर तोही पाहा, कारण त्यात शफीक स्वतः आहे. पाहताना 'अरे, या परिस्थितीत असूनही' असं मनात आलं, तर त्या शब्दाला जरा बाहेर ओट्यावर बसवा. विनोद जमला असेल तर हसा. जमला नसेल तर हसू नका, नावं ठेवा, 'हे लांबलं, ते फसलं' म्हणा. मुंबईच्या चित्रपटाला जो न्याय लावता तोच लावा. दया म्हणून मारलेल्या टाळीपेक्षा, चुकलेल्या जागेवर बोट ठेवणारा प्रेक्षक कलावंताला जास्त आपला वाटतो. निदान मला तरी वाटतो.